चांदीचं पिपेट

माझं तोंड भाजलं नसतं तर मी बी.एस्सी. झालो असतो. हे सांगितलं की लोक हसतात, आणि गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे. पण ज्याचं भाजलं त्याला अजून हसू येत नाही.

निजामाच्या अमलात हैदराबादेला नवं विद्यापीठ निघालं होतं आणि तिथं सगळं शिक्षण उर्दूतून चाले. आमच्या धारूरला शाळा उर्दू, तहसिलीचा कागद उर्दू, चावडीवरचं भांडणसुद्धा निम्मं उर्दूत, त्यामुळे भाषेनं मला छळलं नाही. वडील मी लहान असतानाच गेलेले. घर थोरल्या चुलत्यांच्या हाती होतं, त्यांना आम्ही आबा म्हणत असू. सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्तीचा पैसा, मिळाला म्हणून आबांनी मला जाऊ दिलं; खिशाला हात घालावा लागला असता तर बीडच्या पुढं मी काही पाहिलं नसतं.

इंटर झालो आणि रसायनशास्त्र घेतलं. त्याला कारण मोरचूद. घरी ज्वारीच्या बियाण्याला लावायला मोरचूद आणलेलं असे, त्याचा निळा खडा मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिकडे इंटरच्या पहिल्याच महिन्यात रसायनाच्या प्रोफेसरसाहेबांनी मोरचुदाच्या पाण्यात नवसागरातून निघणाऱ्या वायूचं पाणी थेंब थेंब टाकलं. पाणी आधी गढूळ झालं, मग एकाएकी असं गडद निळं झालं की मी बाकावरून उठून उभाच राहिलो. आपल्या घरातल्या खड्यात हे लपलेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर मला दुसरं काही शिकावंसं वाटलं नाही.

बी.एस्सी.चा अभ्यास दोन वर्षांचा. खनिजांचं रसायन वेगळं, झाडापाल्याचं आणि प्राण्यांचं वेगळं, उष्णता आणि वजनं-मापांचं तिसरं. प्रत्येकाला उर्दूत भारदस्त नावं होती आणि प्रत्येकाचा लेखी परचा होता. शेवटी प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा, तिला अमली इम्तिहान म्हणत. लेखीत कितीही गुण मिळोत, अमलीत नापास तो सगळ्यातच नापास. प्रोफेसरसाहेबांनी मला पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं, की पास झालास तर इथंच प्रयोगशाळेत ठेवून घेतो, नव्या मुलांना शिकवायला. मला जगात तेवढंच हवं होतं. अजूनही दुसरं काही हवं झाल्याचं आठवत नाही.

आता पिपेट म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. ती मध्ये फुगीर असलेली काचेची नळी. खालचं टोक द्रावणात बुडवायचं, वरच्या टोकाला तोंड लावून खुणेपर्यंत द्रावण वर ओढायचं, आणि चटकन वरून बोट दाबायचं. मग तेवढंच मोजकं द्रावण दुसऱ्या भांड्यात सोडायचं. आता म्हणे रबरी फुगा लावतात. आमच्या वेळी आमची तोंडं हाच फुगा होता. आणि नळ्या होत्या सामाईक.

आमच्या घरी भांड्याला ओठ लावून कुणी पाणी पीत नसे. तांब्या वर धरायचा आणि धार तोंडात घ्यायची. आजारी माणसालासुद्धा तसंच पाजत, मग निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं तरी चालेल. त्यामुळे पहिल्या दिवशी नळी हातात घेऊन मी बराच वेळ खांबासारखा उभा राहिलो. आजूबाजूला पाहिलं. वरंगळचा पोरगा ओढत होता, गुलबर्ग्याचा ओढत होता, खुद्द हैदराबादचे नवाबजादे ओढत होते. हिंदू, मुसलमान, सगळेच. मीही ओढलं. आभाळ काही कोसळलं नाही. पुढं पुढं तर आपण काही निराळं करतो आहोत हेसुद्धा मी विसरून गेलो.

पहिलं वर्ष संपता संपता दाहक सोडा ओढताना नळीचं टोक द्रावणाच्या वर आलं. असं झालं की खालून हवा शिरते आणि नळीतलं सगळं भसकन तोंडात येतं. आलं. जीभ, गाल, टाळू, सगळ्यांची साल निघाली. प्रोफेसरसाहेबांनी लिंबाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या, आणि त्याच तोंडानं मी उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी निघालो. जालन्यापर्यंत रेल्वे, तिथून बीडपर्यंत मोटार, मग मांजरसुंब्याचा घाट ओलांडून पुढं बैलगाडी. वाटेत कुणाशी धड बोलता येत नव्हतं, ते एका परीनं बरंच झालं.

घरी पानात ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला. मी ठेचा बाजूला सारला आणि भाकरी ताकात कुस्करायला लागलो. आई चुलीपाशी होती. तिचं लक्ष नाही असं वाटायचं, पण ते असायचंच.

"कावून खात न्हाईस रे?"

"तोंड आलंय."

"हिकडं ये. आ कर."

तिनं मला दाराच्या उजेडात नेलं, हनुवटी धरून आत पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये आलेलं न्हाई. ह्ये भाजलंय."

मी सगळं सांगितलं. नळी कशी असते, कशी ओढतात, कसं वर येतं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "नळी तुझी का समद्यांची?"

"समद्यांची," मी म्हणालो. खोटं बोलावं असं मनात आलंच नाही; त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच मला तोवर वाटेनासं झालं होतं. आबा बाहेर ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्त्याचा आवाज थांबला, आणि मग मला कळलं की आता काही खरं नाही.

"म्हंजे धा जातीची थुंकी गिळून आलास म्हन की," आबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. "ह्या घरात सोयरेधायरे जेवायला येतेत. आता बास झालं त्ये कालेज. पेरनीला माणूस कमी हाय."

त्यानंतरचे काही दिवस घरात फक्त त्या नळीची चर्चा होती. मी म्हणालो, मी माझी स्वतःची काचेची नळी विकत घेतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आबा म्हणाले, "काचेच्या नळ्या समद्या सारख्या. धुनाऱ्यानं बदलली तर तुला काय कळनार? आन काच म्हंजे तरी काय, मातीच. मडकं इटाळलं की फोडायचं असतंय. धातूचं भांडं असतं तर राखेनं घासलं, इस्तवावर धरलं, झालं सोवळं." काच वाळूपासून होते, हे आबांना मीच मोठ्या हौसेनं मागच्या सुट्टीत सांगितलं होतं. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

आई आबांच्या समोर बोलत नसे. काही सांगायचं असलं तर मला किंवा चुलतीला सांगे, ते पुढं पोचे. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात पदर सारखा करत उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली. बोलली माझ्याशी, पण आबांच्या कानावर जाईल अशा बेतानं.

"चांदीची करू की मग. माझ्या पायांतले तोडे हायत."

आबांचंच म्हणणं आबांवर उलटलं होतं. चांदी धातू होती, सोवळ्याची होती, आणि तोडे आईच्या माहेरचे होते.

हरकत काढावी लागली ती मला. मी म्हणालो, चांदी काही काही तेजाबांत, म्हणजे आम्लांत, विरघळते. आबा म्हणाले, मग त्या तेजाबाला लावू नको. मी म्हणालो, काच असते ती आरपार दिसावं म्हणून. द्रावण खुणेपर्यंत आलं की नाही हे बघावं लागतं, चांदीतून कसं दिसणार? यावर आई म्हणाली, "बगायचं काय त्यात? तोंडानं तर वढायचंय." मी हसलो. ती पण हसली, आपण बरोबर बोललो असं वाटून. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

धारूरच्या बाजारात आमचा ठरलेला सोनार होता. आबा स्वतः त्याच्या दुकानात बसून राहिले, तोडे डोळ्यांसमोर वितळवून घेतले. मी कागदावर आकृती काढून दिली होती. सोनारानं यातून काय ओढायचंय म्हणून विचारलं, तर आबा म्हणाले, औषध. नळी झाली ती फार देखणी झाली. मधला फुगा तोलून धरलेला, वरचं टोक ओठाला बोचू नये म्हणून गोल केलेलं, आणि फुग्यावर तुळशीचं पान कोरलेलं. ती ओबडधोबड झाली असती तर मला निदान रागावता आलं असतं.

निघायच्या दिवशी गाडी जुंपून झाली होती. आबा अंगणात उभे होते, त्यांनी अजून जा म्हटलेलं नव्हतं. आई उंबऱ्यात आली. पुन्हा त्याच मोठ्या आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जावं असं, ती म्हणाली, "ह्या नळीबिगर दुसरी कंची नळी तोंडाला लावलीस, तर तुला माझी आन हाय. माझं मेलं तोंड बगशील."

मी मान हलवली. मग आबा म्हणाले, "जा." तिच्या पायांत आता काही नव्हतं, लुगड्याखाली घोटे नुसते दिसत होते. गाडी वळेपर्यंत मी तेच पाहत होतो.

प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी प्रोफेसरसाहेबांनी ती वस्तू हातात घेतली आणि म्हणाले, "मियाँ, ये बजाने की चीज़ है या पीने की?" वर्ग हसला. मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. नळी फिरवून फिरवून पाहिली. "काम की तो नहीं है," ते म्हणाले, "मगर वालिदा की है, तो फेंक भी नहीं सकते."

मी प्रयत्न केला. साधं पाणी ओढून पाहिलं. काही दिसत नव्हतं. कधी नळी अर्धी भरे, कधी पाणी दातांपर्यंत येई. दर वेळी ओढलेलं पाणी मी तराजूत तोललं आणि दर वेळी वजन निराळं आलं. मोजायचं साधन म्हणून ती चमच्याइतकीही विश्वासाची नव्हती. शेवटी प्रोफेसरसाहेबांनीच तोड काढली. ब्युरेट नावाची एक लांब काचेची नळी असते, खुणा केलेली, खाली तोटी असलेली. ती वरून ओतून भरतात, तिला तोंड लावावं लागत नाही. ते म्हणाले, पिपेटचं काम तू ब्युरेटवर कर. वेळ लागेल, पण होईल.

झालंही. सगळे एका ब्युरेटवर काम करत, मी दोनवर करायचो. सगळ्यांच्या मागून माझं आवरायचं. पण माझे आकडे बरोबर येत, आणि प्रोफेसरसाहेब ते इतरांना दाखवत. वर्षभर मी कुठल्याही नळीला तोंड लावलं नाही. दिवाळीला घरी गेलो नाही, वाट फार लांबची होती. अभ्यास चांगला चालला होता असं लोक म्हणायचे. पण परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार आणि ते दुसरी ब्युरेट देतीलच असं नाही, हे मला ठाऊक होतं आणि प्रोफेसरसाहेबांनाही. "इम्तिहान में क्या करोगे?" असं त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हणालो, देखूंगा. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं होतं. लोखंडाचं एक द्रावण, एक काचेचं पिपेट आणि एकच ब्युरेट. ती ब्युरेट आधीच भरलेली होती. पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात ते जांभळं औषध तिच्यात होतं, आणि दुसरं मिळणार नाही असं बजावलेलं होतं. लोखंडाचं द्रावण पिपेटनं मोजून घ्यायचं, त्यात जांभळं औषध थेंब थेंब सोडायचं, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. तीनदा करायचं, आणि तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. मी हे झोपेतसुद्धा करू शकलो असतो.

मी काचेचं पिपेट उचललं. ते धुतलेलं, स्वच्छ होतं. द्रावणात बुडवलं. ओठांपासून दोन बोटं अंतरावर आणलं आणि तिथंच थांबलो. पदार्थ कशाचा होतो, कशानं जळतो, कशात विरघळतो, हे सगळं मला पाठ होतं. हैदराबादेत नळी ओठाला लागल्यानं धारूरात बाई मरत नाही, हेही मला कळत होतं. पण कळून काय उपयोग? मला ती उंबऱ्यात उभी दिसत होती. ती मेली असती तर कशानं मेली हे मला कुठल्याही पुस्तकानं पटवून दिलं नसतं. मी काचेची नळी खाली ठेवली आणि खिशातून चांदीची काढली.

परीक्षक माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. भले गृहस्थ होते. "आप की तबीयत तो ठीक है?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ठीक आहे साहेब. "तो काँच का पिपेट क्यों नहीं लेते?" मी म्हणालो, "क़सम है साहब." ते थोडं थांबले, "अच्छा" म्हणाले आणि पुढं गेले. प्रोफेसरसाहेब खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून, उभे होते. माझ्या तोंडात लोखंडाची चव होती. माझे तिन्ही आकडे तीन गावांचे निघाले.

निकाल फळ्यावर लागला. लेखी परच्यांत मी वरच्या नंबरात होतो, अमलीत नापास, म्हणजे सगळ्यात नापास. वजीफा बंद झाला. प्रोफेसरसाहेबांना भेटायला गेलो, तर ते म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा बस. पुन्हा बसायचं तर वर्षभर राहायचं कुठं आणि खायचं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. प्रयोगशाळेतली ती जागा त्यांनी गुलबर्ग्याच्या मुलाला दिली. पोरगा हुशार होता, मला त्याचा राग आला नाही. राग यावा इतकी ताकदच राहिली नव्हती.

घरी आबा म्हणाले, "झालं समाधान? आता शेत बगा." ते खूश झाले असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांना हायसं वाटलं. मी शेत बघायला लागलो. सकाळी जायचो, बांधावर बसायचो, दुपारी यायचो. कुणी काही विचारत नव्हतं, आणि मला तेच बरं वाटत होतं.

एका दुपारी घरात फक्त आई होती. मी जेवायला बसलो. ती भाकरी थापत होती, थापता थापता म्हणाली, "येवढा हुशार तू. मास्तर म्हनायचा, ह्या पोराचा नंबर जानार न्हाई. मंग कशापायी नापास झालास?"

मी सांगितलं. परीक्षेत कसं टेबल मांडलं होतं, एकच ब्युरेट कशी भरून ठेवलेली होती, काचेची नळी कशी ओठांपर्यंत आणली आणि खाली ठेवली. तिच्यावर ठपका ठेवायचा नाही असं ठरवूनच मी बोलत होतो. उलट थोडा अभिमानच होता मला. सगळं गेलं, पण तुझी आण मोडली नाही, एवढं तरी तिच्या पदरात पडावं.

तिचे हात थांबले. पिठाचे हात तसेच परातीत ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"आरं, ती आन तुझ्यासाठी व्हती व्हय?" ती म्हणाली. "ती त्यांच्यासाठी घातलती. त्यांच्याम्होरं घातली नस्ती, तर त्यांनी तुला जाऊ तरी दिलं अस्तं का?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"मला वाटलं, तुला कळलंय त्ये. शिकलेला तू." तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तिनं उलटवली. "दिवाळीला आला अस्तास, तर तितंच 'आन सुटली' म्हनले अस्ते. लेकराला घातलेली आन सोडायला काय लागतंय?"

मग एकदम काही आठवल्यासारखं तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावरून फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"सुटली," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.